श्वासरोखे बाईंचा अर्धा घोडा

आमच्या इमारतीत एक बातमी बरेच दिवस फिरत होती. तळमजल्यावरच्या एक्स-रेवाल्या बाई म्हणे संध्याकाळी, नवरा कामावर असताना, मागच्या अंगणात एका उंच, सडपातळ माणसाला भेटतात. माणूस तोंड उघडत नाही, डोक्यावरून चादर घेऊन नुसता उभा असतो, आणि बाई त्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी.

बातमी खोटी. मी खाली जाऊन जवळून बघून आलो, कारण अशा कामात मी आळस करत नाही. तो उंच माणूस म्हणजे तिपाईवर ठेवलेली दुर्बीण. चादर दवासाठी. आणि पुटपुटणं म्हणजे दुर्बिणीच्या मागे जोडलेल्या कॅमेऱ्याने किती फोटो काढले, ते बाई मोजत होत्या. खरं सांगू का, माझी थोडी निराशाच झाली. वर येऊन आमच्या हिला सांगितलं, तर ती म्हणाली, "माणूस असता तर बिचारीला बोलायला तरी कोणी मिळालं असतं." हे ती माझ्याकडे बघून का म्हणाली, ते मी विचारलं नाही. सुखाने जगायचं असेल तर काही प्रश्न गिळावे लागतात.

बाई मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढतात. पन्नाशी ओलांडलेली, केस मागे घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर कायम असा भाव की तुम्ही जरा हललात आणि फोटो बिघडला. दिवसभर खोकणाऱ्या माणसांना यंत्रासमोर छाती टेकवून उभं करायचं आणि म्हणायचं, "श्वास रोखा. सोडा." आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाची छाती त्यांनी कधी ना कधी आरपार पाहिली आहे, त्यामुळे त्यांच्यासमोर कोणी फार छाती काढून चालत नाही. तिथूनच त्यांना 'श्वासरोखे बाई' हे नाव पडलं. ते इतकं आडनावासारखं वाटतं की कुरिअरवाला एकदा दारांवरच्या पाट्या वाचत त्या नावाचं घर शोधत होता.

यजमान बेकरीत केक सजवायचे. त्यांना आम्ही केकमास्तर म्हणतो. वाढदिवसाच्या केकवर क्रीमने नाव लिहावं तर त्यांनीच. अक्षर असं गोल, टपोरं आणि सरळ रेषेत, की कापताना सुरी धरणाऱ्याला क्षणभर वाईट वाटायचं. संध्याकाळची पाळी संपवून ते बोळातून मागच्या फाटकाने यायचे. फाटकातून अंगणात उतरायला सिमेंटच्या पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांवर इमारतीचा दिवा. हा दिवा लक्षात ठेवा, सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

एवढा वेळ मान वर करून बाईंना मिळतं काय, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "दिवसभर माणसांच्या आतलं बघते. कंटाळा येतो हो." यावर मी माझ्या छातीच्या फोटोबद्दल विचारणार होतो, पण राहू दिलं.

या नादाने घरात काय काय झालं, ते त्यांचं छत म्हणजेच आमची फरशी असल्यामुळे मला ठाऊक आहे. साधा कॅमेरा म्हणे आभाळातला एक विशिष्ट लाल रंग अडवतो. त्यासाठी त्याच्या पोटात एक काच बसवलेली असते. बाईंनी चांगला चालू कॅमेरा उघडला आणि ती काच काढून टाकली. तारे सुधारले, पण माणसं बिघडली. पुढच्याच महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, आणि घरात कॅमेरा तोच एक. सगळ्या गोतावळ्याचे फोटो असे आले की वऱ्हाडाने आदल्या रात्री मिळून ढोसली असावी. नवरी टोमॅटो, नवरा गाजर. नणंदबाईंनी फोनवर जे सुनावलं ते फोन कानाला न लावताही ऐकू येत होतं. "वहिनीला आभाळातलं दिसतं, घरातलं दिसत नाही," हे वाक्य तिथलंच. पुढे ते घराण्यात म्हणीसारखं वापरात आलं.

मग बनियन. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून दिवेलागणीच्या वेळी कोऱ्या उजेडाचे फोटो काढायचे असतात. त्यावरून काचेवर धूळ कुठे आहे, कडा कुठे काळवंडतात ते कळतं आणि मग ताऱ्यांच्या फोटोतून तेवढा दोष काढून टाकता येतो. घरातलं सगळ्यांत पांढरं, बिनसुरकुतीचं कापड म्हणजे केकमास्तरांचा बनियन. तेव्हा ही बाई अंगणात उभी राहून नवऱ्याच्या बनियनचे फोटो काढते, अशी दुसरी बातमी निघाली. ही मात्र खरी होती.

याहून गंमत झाकणाची. थंडीत कुडकुडत उभं राहायचं, दुर्बिणीवर झाकण लावायचं आणि काळ्याकुट्ट अंधाराचे फोटो काढायचे. मी म्हटलं, "बाई, झाकण राहिलंय." त्या म्हणाल्या की राहिलेलं नाही, लावलंय. कॅमेरा गार-गरम झाला की स्वतःचेच ठिपके फोटोत घुसडतो. झाकण लावलं की फक्त त्याचे ठिपके येतात, मग ते वजा करायचे, म्हणजे खालचं खरं आभाळ उरतं. मला ही कल्पना इतकी आवडली की वर येऊन मी आमच्या हिला म्हटलं, माणसांच्या बोलण्यातून त्यांचे स्वतःचे ठिपके असे वजा करता आले तर काय बहार येईल. ती म्हणाली, "तुमच्यात मग काय उरेल?"

केकमास्तर या सगळ्याला विरोध करत असत असं म्हणता येणार नाही. विरोध करायला आवाज चढवावा लागतो. ते फक्त 'बघू' म्हणत. सुट्टी घेऊन गावाबाहेर, अंधाऱ्या माळावर एक रात्र जाऊ या का? बघू. दुर्बिणीला तेवढं एक कपाट रिकामं करू या का? बघू. संसारात 'नाही' परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. 'बघू'शी भांडायचं कसं? तो समोर उभाच राहत नाही. बाईंनी हळूहळू विचारणंच सोडून दिलं.

आता घोड्याकडे येतो. मृग नक्षत्राच्या मध्ये तीन तारे ओळीत दिसतात ना, त्यांतल्या डावीकडच्याच्या खाली एक अगदी फिकट तांबूस पडदा आहे. त्या पडद्यावर काळ्या धुळीचा एक ढग आहे, हुबेहूब घोड्याच्या मानेसारखा. नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही. त्याचे शेकड्यांनी फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, म्हणजे थेंबाथेंबाने पडदा उजळतो आणि त्यावर घोडा उमटतो. गंमत अशी की घोडा स्वतः उजेडाचा नाहीच. तो अंधाराचा आहे. आजूबाजूला पुरेसा अंधार असेल तरच वरचा अंधार दिसतो, असं बाई म्हणायच्या. शहरातल्या अंगणातून हे जवळजवळ होत नाही, हेही त्यांना माहीत होतं. पण हिवाळ्यात संध्याकाळी तो घोडा नेमका आमच्या अंगणावर यायचा. ढग नसले, धुकं नसलं आणि इस्पितळातून बोलावणं नसलं, की बाई बाहेर. तीन हिवाळे त्या तो घोडा असा कणाकणाने गोळा करत होत्या. त्यांना आयुष्यात पूर्ण असं काहीतरी एक करायचं होतं, आणि ते हे होतं.

आणि त्या घोड्याच्या थेट डोळ्यात घुसायचा तो पायऱ्यांवरचा दिवा.

बाईंनी आधी सरळ मार्ग धरला होता. दिव्याला वरून एखादी टोपी बसवा, उजेड खाली पायऱ्यांवरच पडेल, असं त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. सेक्रेटरी म्हणाले, सभेपुढे ठेवतो. पण ठेवायचं तर हेही ठेवावं लागेल, की सामाईक अंगणात खाजगी सामान उभं करायला कोणाची परवानगी आहे. बाई समजायचं ते समजल्या आणि घरी आल्या. दिव्याचं बटण सेक्रेटरींच्या कुलपातल्या पेटीत. मग त्यांनी स्वतःपुरती एक युक्ती काढली, आणि ती कुणाला, नवऱ्यालासुद्धा, सांगितली नाही. अंधार पडला की बादली पालथी घालायची, तिच्यावर चढायचं, दिवा फिरवून काढायचा आणि अंगातल्या कोटाच्या खिशात टाकायचा. केकमास्तरांची पाळी सुटायच्या आत तो परत जाग्यावर. त्यामुळे ते आले की पायऱ्यांवर नेहमी उजेड असायचा. तो त्यांच्यासाठी परत लावलेला असतो, हे त्या माणसाला कधी कळलंच नाही. आम्हाला वाटायचं की दिव्याचं कनेक्शन सैल आहे. वायरमन दोनदा आला, दिवा चांगला आहे असं सांगून, चहा पिऊन गेला.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या गोष्टीत तुम्ही आमच्यासारखे मूर्ख ठरणार नाही.

त्या संध्याकाळी आभाळ सुरुवातीला स्वच्छ होतं. बाईंनी दिवा काढला, दुर्बीण लावली, आणि घोडा जेमतेम वर येतोय तोच ढग आले. त्या वैतागून सामान आवरत होत्या, तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. संध्याकाळच्या पाळीवरची मुलगी आजारी पडली होती, ताबडतोब या. बाईंनी दुर्बीण आत ढकलली, त्याच कोटावर घराला कुलूप घातलं आणि पुढच्या दाराने निघाल्या. दिवा खिशातच राहिला.

केकमास्तर मागच्या फाटकाने आले. इतकी वर्षं उतरलेल्या पायऱ्या, त्यामुळे त्यांनी अंधार फारसा मनावर घेतला नाही. पहिलीच पायरी चुकली. आवाज ऐकून मी खाली धावलो. ते उजव्या हातावर पडले होते, मनगट बघवत नव्हतं, आणि ते फक्त एवढंच म्हणत होते की दिवा कुठे गेला. मी रिक्षा आणली आणि त्यांना इस्पितळात नेलं.

एक्स-रेच्या खोलीत समोर बाई. मी दारातून पाहत होतो. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे, आणि मग कसं पडलात असं काहीच विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं, काय थंड बाई आहे. आता वाटतं, त्यांना विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी त्याचा हात अलगद पाटीवर ठेवला, "हलू नका," असं म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या. मनगटाच्या फोटोला श्वास रोखावा लागत नाही. पण पडद्याआडून श्वासाचा आवाजच येत नव्हता, एवढं मला आठवतं.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

इमारतीत मग दिवा चोरीला गेल्याची हाकाटी झाली. सेक्रेटरींना गुन्हेगार सापडायला वेळ लागला नाही, कारण गुन्हेगार दोनच प्रकारचे असतात, न सापडणारे आणि गरीब. जिने झाडणाऱ्या मावशी त्या संध्याकाळी हातात पिशवी घेऊन मागच्या फाटकाने बाहेर पडल्या होत्या. झालं. मावशी शपथा घेऊन सांगत होत्या की पिशवीत भाजी होती. त्यांना उद्यापासून येऊ नका असं सांगायचं की नाही, हे ठरवायला सभा बोलावली.

त्या सभेत खरं काय पणाला लागलं होतं, ते आम्हा कोणाला दिसत नव्हतं. बाईंना मात्र चांगलंच दिसत होतं. गप्प राहिल्या तर मावशी जाणार, नवा दिवा लागणार, आणि तोही बादलीवर चढून काढता येणार. घोडा पूर्ण होणार. बोलल्या तर अंगण गेलं, घोडा गेला, आणि घरी जायचं ते या नवऱ्याबरोबर.

सभा तळमजल्यावरच्या सामाईक हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरली. केकमास्तर गळ्यात झोळी अडकवून, प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बसले होते. मावशी दारात उभ्या, त्यांना कोणी बसा म्हणालं नव्हतं. सेक्रेटरी बराच वेळ विश्वास, सुरक्षितता आणि आजकालचे दिवस यांवर बोलले. ते मावशींच्या पिशवीपाशी आले तेव्हा बाई उठल्या, कोटाच्या खिशातून दिवा काढला आणि टेबलावर ठेवला.

"मी काढला होता. नेहमी काढते. त्या दिवशी लावायचा राहिला. मावशींना यात ओढू नका."

केकमास्तरांनी बायकोकडे पाहिलं, मग दिव्याकडे, आणि मग ते पुढे बघत राहिले. त्या नजरेपुढे सेक्रेटरींचं पुढचं बोलणं सगळं फुकट गेलं. तरी ते बोललेच. खांबावर मोठा झोतदिवा बसवावा, कोणाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, आणि तो रात्रभर चालू राहावा. हात वर करा. आमच्या हिने केला, म्हणून माझाही गेला. केकमास्तरांनीही केला. उजवा प्लास्टरमध्ये होता, म्हणून डावा.

मावशींची नोकरी राहिली. बाईंना वाटलं असेल निदान तिथून एखादा बरा शब्द येईल. मावशी जाताना म्हणाल्या, "आधी सांगायचं होतं बाई. माझ्या सुनेपर्यंत पोचलं तेवढ्यात. आता ती रोज डब्यात हात घातला तरी बघते." तेव्हापासून त्या जिना झाडत खाली येतात आणि बाईंच्या उंबऱ्यापाशी केरसुणी उचलतात, तेवढी जागा तशीच सोडतात.

आता आमच्या अंगणात रात्री सुई पडली तरी सापडेल. अंगणात सुई घेऊन कोणी जात नाही, ही गोष्ट वेगळी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना उजेडाने झोप येत नाही, म्हणून त्यांनी जाड पडदा लावून घेतला आहे. दुर्बीण चादर गुंडाळून कपाटामागे उभी आहे. तिला बघून एखाद्याला अजूनही वाटेल की आत कोणी माणूस लपलाय.

प्लास्टर निघालं. हाड जुळलं, पण जरा वाकडं जुळलं, आणि बोटांतली ती ताकद काही परत आली नाही. क्रीमची पिशवी दाबताना हात थरथरतो. बेकरीने माणुसकी दाखवली, काढून टाकलं नाही. केकमास्तर आता केक खोक्यांत भरतात आणि वर दोरी बांधतात. दुसऱ्याने लिहिलेली नावं झाकणाखाली जातात, त्यावर आपला जीव जडू नये म्हणून ते वाचत नाहीत, असं ते मला म्हणाले.

परवा मी वाटी घेऊन साखर मागायला त्यांच्याकडे गेलो. घरात साखर होती, पण काही गोष्टी मागितल्याशिवाय बघायला मिळत नाहीत. केकमास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. समोर स्टीलचं ताट, आणि ताटावर ते क्रीमने कसलंतरी नाव लिहीत होते. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. त्यांनी चमच्याने ती पुसली आणि परत सुरुवात केली. बाई पाठमोऱ्या कॉम्प्युटरसमोर होत्या. मला पाहून त्यांनी पडदा जरा वळवला. तांबूस धुक्यात एक काळा डाग होता. मान ओळखू येत होती, तोंडाच्या जागी नुसते खडबडीत कण. मी म्हटलं, बराच आलाय की. त्या म्हणाल्या, अर्धा आलाय, आणि आता एवढाच.

केकमास्तरांनी पिशवी खाली ठेवली. ते बोलले माझ्याशी, पण ते माझ्यासाठी नव्हतं, हे वाटी हातात धरून उभ्या असलेल्या माणसालाही कळलं.

"मला एवढंच सांगा. हिने एकदा जरी सांगितलं असतं की दिवा काढते, तर मी पुढच्या दाराने आलो असतो. थोडा वळसा पडला असता. मला काय त्याचं? आयुष्यभर आलो असतो."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही, पडद्यावरचा फोटो तेवढा बंद केला.

"सांगितलं असतं, तर तुम्ही पुढच्या दाराने आला नसतात," त्या म्हणाल्या. "माझंच मागचं दार बंद केलं असतंत."